मंडळी वाढते कशी? शिष्यत्व प्रशिक्षणावर वाचकांचे प्रश्न

शिष्यत्व प्रशिक्षण म्हणजे येशूच्या मागे चालायला शिकणं आणि ते पुढे दुसऱ्याला शिकवणं. त्याबद्दल नागपूर आणि आसपासच्या मंडळ्यांमधून (चर्चमधून) आलेल्या प्रश्नांपैकी काहींना या अंकात उत्तरं देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्र. आमच्या मंडळीत साठेक कुटुंबं आहेत. मागे बारा आठवड्यांचा शिष्यत्वाचा कोर्स घेतला. चाळीस जणांनी नावं दिली, शेवटी अकरा उरले. त्यांना सर्टिफिकेट दिली. आज त्यांच्यापैकी एकही जण कुणाला शिकवत नाही. पुन्हा कोर्स घ्यावा का?
— पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) सदस्य, सदर

उ. तोच कोर्स पुन्हा घेऊ नका. मेहनत कमी पडली नव्हती, रचना चुकली होती. चाळीस जण खुर्च्यांवर आणि एक जण फळ्यापाशी, अशी बैठक म्हणजे सभाच. तिथे माणसाला ऐकायची सवय लागते, शिकवायची लागत नाही. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो (२ तीमथ्य २:२) तेव्हा एका वाक्यात चार पिढ्या येतात: पौल स्वतः, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती माणसं ज्यांना शिकवतील ते. तुमचा कोर्स दुसऱ्या पिढीपाशी थांबला, कारण तिसरीची तयारी त्यात कुठेच नव्हती.

या वेळी तीन माणसांपासून सुरुवात करा. खरोखर तीनच. चार झाली तर चालतील, सहा नकोत. उपासनेत जाहीर आवाहन करू नका. आवाहन केलं की पास्टरांचा मान राखायला बरेच जण हात वर करतात, आणि मग ज्याची तयारी नाही त्याला नाही म्हणणं अवघड जातं. प्रभू येशूने बारा जण निवडण्याआधी सारी रात्र प्रार्थनेत घालवली (लूक ६:१२-१३). तुम्ही निदान महिनाभर प्रार्थना करा आणि त्या महिन्यात माणसं पाहा.

पारख कशी करायची? ज्याच्याबद्दल विचार चालू आहे त्याला एक लहान, कुणाला न दिसणारं काम द्या. उदाहरणार्थ, गेल्या दोन रविवारी न आलेल्या तीन कुटुंबांना भेटून ये आणि बुधवारपर्यंत कळव. काम झालं का, वेळेत झालं का, आणि भेटलेल्या कुटुंबाबद्दल तो इतरांजवळ काय बोलला, या तीन गोष्टी बघा. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. ऐकलेलं पोटात ठेवता न येणारा माणूस गट मोडतो, मग वचन (पवित्र शास्त्रातले उतारे) कितीही पाठ असो. सेवकांची आधी पारख व्हावी असं १ तीमथ्य ३:१० मध्ये म्हटलंच आहे. छान बोलणारा, छान गाणारा किंवा कमिटीवर असलेला माणूस आपोआप योग्य ठरत नाही.

आणखी दोन पथ्यं. पुरुषांचा गट पुरुषाने घ्यावा, महिलांचा महिलेने, नाहीतर घरातल्या खऱ्या अडचणी बोलल्याच जात नाहीत. आणि तिघे एकाच घरातले, एकाच जातीतले किंवा एकाच गावाहून आलेले नकोत. आडनाव बघून गट जमवायची खोड आपल्या मंडळ्यांत आहे. ती मोडायची पहिली जागा हा गटच आहे. ख्रिस्तात सगळे एक आहेत हे गलती ३:२८ व्यासपीठावरून वाचायचं आणि गट मात्र आपापल्या माणसांचा करायचा, असं केलं तर शिष्य नेमकं तेच शिकतात.

तिघांनी काय होणार, असं कमिटीत कुणीतरी विचारेलच. हिशोब मांडून दाखवा. पहिल्या वर्षी एका गटात तिघे. त्यांतल्या दोघांनी पुढे गट घेतला आणि मूळ गटप्रमुखानेही नवा घेतला, तर दुसऱ्या वर्षी तीन गटांत नऊ, आणि त्याच गतीने तिसऱ्या वर्षी नऊ गटांत सत्तावीस. मिळून एकोणचाळीस. तिघांपैकी एकानेच पुढे गट घेतला, आणि बऱ्याच ठिकाणी असंच होतं, तरी तीन, सहा, बारा असे एकवीस होतात. तुमच्या कोर्सने चाळीस नावं मिळवली आणि शिकवणारा एकही नाही. या वाटेने, दर वर्षी दुप्पट होत, तिसरं वर्ष संपताना निदान आठ गटप्रमुख उभे राहतात.

गट लहान असावा ही नवी कल्पना नाही. १७४२ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलला धर्मोपदेशक जॉन वेस्लीच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. ते फेडायला साधारण बारा-बारा जणांचे वर्ग पाडले. प्रत्येक वर्गाच्या प्रमुखाने दर आठवड्याला घरोघर जाऊन माणशी एक पेनी गोळा करायची. घरी गेल्यावर कोण आजारी, कोण दारूकडे परत वळलाय, कुणाचं भांडण चाललंय हे प्रमुखांना कळू लागलं. त्या वर्गांतूनच मेथडिस्ट मंडळीचा कणा तयार झाला. एका माणसाला दर आठवड्याला जितक्यांची खरी विचारपूस जमते, तितकाच मोठा गट असावा.

प्र. बैठकीत नेमकं काय करायचं? किती वेळ? वर्ष कसं बसवायचं?
— तरुण संघाची सचिव, मोहननगर

उ. नव्वद मिनिटं, तीन सारखे भाग. पहिली तीस मिनिटं गेल्या आठवड्याची: जे करायचं ठरवलं होतं ते झालं का, नाही झालं तर काय आडवं आलं. दुसरी तीस वचनाची. तिसरी तीस सरावाची आणि प्रार्थनेची. सराव म्हणजे आज जे शिकलो ते शेजारच्याला पाच मिनिटांत समजावून सांगायचं आणि या आठवड्यात कोणाला सांगणार त्याचं नाव वहीत लिहायचं.

घसरण ठरलेल्या जागी होते. गट दहा-पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, वचनावरची चर्चा लांबते, चहा येतो आणि सराव उडतो. महिनाभर सराव उडाला की तो गट अभ्यासवर्ग बनतो आणि तुम्ही पुन्हा त्या चाळीस खुर्च्यांकडे वळता. म्हणून साठाव्या मिनिटाला मोबाइलचा गजर लावा. वाक्य अर्धं राहिलं तरी सरावाकडे वळा. चहा सगळं संपल्यावर, आणि फक्त चहा-बिस्किटं. एका घरी पोहे झाले की पुढच्या घरी समोसे होतात, आणि तिसरं घर खर्चाच्या संकोचाने 'आमच्याकडे नको' म्हणू लागतं.

वर्षाची आखणी नागपूरच्या हवामानाप्रमाणे करा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्यानंतरचा पहिला आठवडा सुरुवातीला चांगला. डिसेंबरच्या मध्यापर्यंत, सणांचे आठवडे वगळून, साधारण वीस बैठका होतात. नाताळात गट बंद ठेवा, कारण कॅरोल, नाटक आणि सजावटीत हीच माणसं गुंतलेली असतात. जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत आणखी बारा-चौदा. घरात दहावी-बारावीचं लेकरू असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या घरी बैठक ठेवू नका. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा नवा गट काढायचा नाही. झालेल्यांची उजळणी करायची असेल तर सूर्य मावळल्यावर.

अभ्यासाला मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय, सोळा आठवडे. गोष्ट सरळ पुढे जाते आणि शिष्यांच्या चुका त्यात लपवलेल्या नाहीत, म्हणून नव्या माणसाला ते जवळचं वाटतं. उरलेल्या आठवड्यांत रोजच्या जगण्याचे विषय: प्रभूची प्रार्थना (मत्तय ६:९-१३), बाप्तिस्मा, प्रभुभोजन (१ करिंथ ११:२३-२६), भावाने अपराध केला तर काय करावं (मत्तय १८:१५-१७), पैसा आणि कर्ज, घरातलं बोलणं, कामावरचा प्रामाणिकपणा. कर्जाला दोन आठवडे द्या. हप्त्याने घेतलेल्या गाडी-मोबाइलवर आणि बचत गटाच्या उसनवारीवर मंडळीत मोकळेपणी बोलायला दुसरी जागा क्वचितच मिळते.

नेतृत्व हळूहळू सोपवा. पहिले आठ आठवडे गटप्रमुख सगळं चालवतो. नवव्यापासून प्रत्येक जण आळीपाळीने एकेक भाग घेतो. एकविसाव्यापासून पूर्ण बैठक. बैठक झाली की पाच मिनिटं फक्त दोन प्रश्न: काय नीट झालं, पुढच्या वेळी काय वेगळं करशील? सगळ्यांसमोर चुका काढायच्या नाहीत. त्या परत जाताना एकट्याला सांगा.

प्र. आमच्या मुलांना मराठी वाचताना अडचण येते. घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. पवित्र शास्त्र कोणतं वापरावं?
— आई, मंकापूर

उ. बोलणं आणि प्रार्थना ज्या भाषेत जीभ वळते तिच्यात होऊ द्या. नागपुरात एका वाक्यात मराठी-हिंदी दोन्ही येतात, त्याला हरकत घेऊ नका. उतारा मोठ्याने वाचायला आजच्या सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या. पाठांतराचं वचन मात्र सगळ्यांनी एकाच भाषांतरातून घ्यायचं आणि ते पहिल्याच दिवशी ठरवायचं. तिघांची तीन भाषांतरं असली की एकत्र म्हणताना शब्द अडखळतात आणि दोन-तीन आठवड्यांत पाठांतर बंद पडतं. आठवड्याला एकच वचन, आणि दर पाचव्या आठवड्याला नवं न घेता आधीची चार म्हणून घ्यायची.

प्र. जरीपटक्याच्या आमच्या महिला मंडळात वयस्क बहिणी आहेत. काहींना वाचता येत नाही, काहींना चष्मा लावूनही अक्षर दिसत नाही. त्यांना शिष्यत्व प्रशिक्षण कसं द्यायचं?
— महिला मंडळ, जरीपटका

उ. कागद बाजूला ठेवून. वाचता न येणारी बहीण शिकवू शकत नाही ही समजूत आधी काढून टाका. ऐकलेली गोष्ट तोलून-मापून पुन्हा सांगण्यात ती बहुधा तुमच्या पदवीधरांपेक्षा पुढे असते.

जकातदार जक्कयाची गोष्ट घ्या (लूक १९:१-१०), दहाच वचनं. गटप्रमुखाने ती पुस्तक न बघता दोन-तीन मिनिटांत सांगावी. मग पुन्हा एकदा, या वेळी बाकीच्यांनी सुटलेलं भरायचं. तिसऱ्या फेरीत एका बहिणीने सांगायची. बहुतेक वेळा कुणीतरी म्हणतं, जक्कयाने सगळं वाटून टाकलं. तिथे थांबा आणि जिला वाचता येतं तिला आठवं वचन मोठ्याने वाचू द्या. त्याने गरिबांना अर्धं दिलं आणि ज्यांना फसवून घेतलं होतं त्यांना चौपट परत देईन म्हणाला. हा फरक मोठा आहे. दान आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी त्याला कळल्या होत्या, आणि उसने घेतलेले पैसे, तोडलेला शब्द यांवर गटात बोलायला इथूनच वाट मिळते. दर गोष्टीला शेवटी एकदा वाचून ताळा करायचा नियम ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत गोष्टीत पदरच्या गोष्टी शिरतात. उंबराच्या झाडावरून जक्कय पडला असंही ऐकू येतं.

ताळा झाला की तीनच प्रश्न: यातून देव कसा दिसला? माणूस कसा दिसला? आता आपण काय करायचं? आणि शेवटी, ही गोष्ट या आठवड्यात कोणाला सांगाल? नातवाला सांगितली तरी ते शिकवणंच झालं.

सुरुवात गाण्याने करा. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती गीतांना अभंगाचं वळण दिलं ते वाचता न येणाऱ्यांच्याही ओठी बसावं असं आहे. ज्या विषयाची गोष्ट, त्याच विषयाचं एक गीत. चाल बसली की अर्थ सोबत येतो. चाळीस गोष्टी पक्क्या झालेली बहीण वर्षभरात दुसरा गट घेऊ शकते.

प्र. बुटीबोरीत तीन पाळ्यांत काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. ठरलेल्या वाराला जमणं शक्य नाही. माझ्यासारख्यांनी काय करावं?
— कामगार, बुटीबोरी

उ. ठरलेला वार सोडा, जोडी धरा. तुमच्याच पाळीत फिरणारा मंडळीतला एक जण शोधा. जोडीला चाळीस मिनिटं पुरतात: कामावरची बस येण्याआधी किंवा सुटल्यावर टपरीवर. तेच तीन भाग, फक्त लहान. पूर्ण गट महिन्यातून एका रविवारी, उपासनेनंतर दोन तास.

रात्रपाळीच्या आठवड्यात भेट ठेवू नका. रात्रभर काम करून, झोप न झालेल्या अवस्थेत वर्धा रोडवरून दुचाकीने प्रार्थनेला येणाऱ्याचं कौतुक करण्यापेक्षा त्याला घरी झोपू देणं हेच खरं प्रेम. त्या आठवड्यात फक्त वाचन, आणि फोनवर एक प्रश्न.

व्हॉट्सअॅप ग्रुप काढलात तर दोनच कामांना: वेळ कळवणं आणि प्रार्थनेची विनंती. फॉरवर्ड केलेली वचनं, फुलांची चित्रं आणि बातम्या यांत खरी विनंती वाहून जाते. कुणाचं आजारपण, घरातलं भांडण किंवा पैशाची अडचण त्यावर लिहायची नाही. ते जोडीदारालाच प्रत्यक्ष सांगायचं.

प्र. माझा मुलगा दुसऱ्या फेलोशिपच्या शिष्यत्व वर्गाला जातो. ते म्हणतात, लहानपणीचा बाप्तिस्मा चालत नाही. आमच्या पास्टरांना वाटतं, आपली तरुण मुलं ओढून नेत आहेत. कुणाचं ऐकावं?
— वडील, छावणी

उ. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. त्यात बालबाप्तिस्मा देणारेही होते आणि विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारेही. सीएनआयने दोन्ही पद्धती मान्य केल्या. बाप्तिस्म्यावर मतभेद असूनही एका प्रभूचे लोक एकत्र राहू शकतात, याचा दाखला तुमच्या शहरातच आहे.

मुलाला दटावू नका. तो काय शिकतोय ते विचारा, त्याच्या वहीतला एक धडा त्याच्यासोबत बसून वाचा. मग पास्टरांना घेऊन त्या वर्गाच्या प्रमुखांना भेटा आणि एकच गोष्ट मागा: दुसऱ्या मंडळीच्या सभासदाला तिच्या पास्टरांना न कळवता बाप्तिस्मा द्यायचा नाही. चांगला प्रमुख हे लगेच मान्य करतो. तरुण बाहेर का गेला, हाही प्रश्न तुमच्या कमिटीने स्वतःला विचारायला हवा. बहुतेकदा त्याला तिथे एक काम आणि एक विचारपूस करणारा माणूस मिळालेला असतो.

प्र. तयार केलेली मुलं नोकरीला पुण्याला, बेंगळुरूला जातात. मेहनत वाया जाते का?
— संडे स्कूल शिक्षिका, बैरामजी टाऊन

उ. नाही. जाण्याआधी एक महिना त्या शहरातल्या मंडळीचं नाव, पास्टरांचा फोन आणि पहिल्या रविवारी सोबत करणारी व्यक्ती ठरवून द्या. पहिले तीन रविवार कुठेच गेला नाही तर तो पुढे बहुधा जातच नाही. आणि आपला गट दुसऱ्याच्या हाती देऊन मगच निघायचं.

प्र. शेजारचे, ख्रिस्ती नसलेले लोक गटात बसतात. त्यांना चालेल का? कायद्याने अडचण येईल का?
— गटप्रमुख, हिंगणा

उ. त्यांना आवडत असेल तर अवश्य बसू द्या, पण जे आहे ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: आम्ही येशूचं वचन वाचतो आणि प्रार्थना करतो. खाऊ, शिकवणी किंवा आरोग्य तपासणीच्या नावाखाली बोलावून मग वचन काढायचं, हे चूक आहे. औषध, शाळेची फी, नोकरीची शिफारस यांपैकी कशाचीही सांगड गटाच्या हजेरीशी घालायची नाही. गरज असेल त्याला मदत करा, तो गटात येवो न येवो. अठरा वर्षांखालील मुलाला आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय बसवू नका.

राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. पांढुर्णा, सौंसर बाजूला नातेवाइकांकडे गट घेत असाल तर तिथे मध्य प्रदेशचा धर्मांतरविषयक कायदा लागतो. त्यामुळे आधी तिथल्या मंडळीशी आणि जाणत्या वकिलाशी बोला.

प्र. आमचे गटप्रमुख लग्न, नोकरी, घर बदलणं, सगळ्यात 'माझ्या परवानगीशिवाय नको' म्हणतात. शिष्यत्वात हे येतं का?
— नाव न छापण्याची विनंती

उ. येत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'शेफर्डिंग' नावाची चळवळ अशीच फोफावली. प्रत्येकाने एका 'मेंढपाळा'च्या आज्ञेत राहायचं, मोठे निर्णय त्याला विचारून घ्यायचे. पुष्कळ घरं आणि मनं त्यात मोडली, आणि तिच्या मुख्य नेत्यांपैकी एकाने पुढे जाहीर माफी मागितली. शिष्य येशूचा असतो, गटप्रमुखाचा नाही.

गटप्रमुख सल्ला देऊ शकतो, परवानगी नाही. त्यांना हे एकदा शांतपणे सांगा. ऐकलं नाही तर पास्टरांना आणि मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बहिणीला किंवा भावाला सोबत घेऊन बोला (मत्तय १८:१६). तरीही तेच चाललं तर गट सोडा. त्यात तुमचा विश्वास कमी पडला असं होत नाही. पास्टरांसाठी एक सूचना: प्रत्येक गटप्रमुखाचाही एक गटप्रमुख असू द्या, आणि गटातल्या सभासदांना वर्षातून दोनदा एकेकटं भेटा.

प्र. वाढ होतेय हे मोजायचं कसं?
— पास्टर, कामठी

उ. रविवारची हजेरी आणि दानार्पण यांवरून हे कळत नाही. एक साधी वही घ्या, चार रकाने आखा: नाव, याला कोण शिकवतो, हा कोणाला शिकवतो, शेवटची भेट कधी. दर तीन महिन्यांनी भरा. तिसरा रकाना वर्षानंतरही रिकामा असेल तर त्या माणसाला नवा कोर्स देऊ नका. त्याला शिकवायला एक माणूस द्या. आकडे उपासनेत वाचून दाखवू नका. तसं केलं की लोक रकाना भरण्यासाठी नावं लिहू लागतात.

प्र. मध्येच यायचं बंद केलेल्याचं काय करावं?
— गटप्रमुख, वाडी

उ. दोन बैठका चुकल्या की तीन दिवसांच्या आत एकट्याने भेटायला जा. चौघे मिळून गेलात तर ती चौकशी वाटते. कारण तीनांपैकी एक निघतं: गटातल्याच कुणाशी बिनसलंय, घरात पैशाची ओढाताण आहे, किंवा सगळ्यांसमोर वाचायची लाज वाटते. पहिल्यात दोघांची भेट घालून द्या. दुसऱ्यात गटाला न सांगता पास्टरांना कळवा. तिसऱ्यात पुढच्या आठवड्यापासून मोठ्याने वाचायची सक्ती सगळ्यांसाठीच काढून टाका, म्हणजे त्याच्या एकट्यासाठी नियम बदलला असं दिसणार नाही. तरीही यायचं नसेल तर आग्रह सोडा, पण महिन्यातून एकदा त्याच्या घरी जाणं सोडू नका.